वाइसाकेचा उलटा भात

"उद्या रविवारी या घरात अळूचे कंद उकडायचे नाहीत," वाइसाकेने शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "नारळाच्या दुधातला मासाही नको. उद्या मी मकलूबा करणार आहे."

तराइविनीने हातातला झाडू थांबवला नाही. "कोण करणार?"

"मी."

"कुठल्या स्वयंपाकघरात?"

"आपल्याच."

"आणि मी काय दारात बंदूक घेऊन पहारा देऊ, सार्जंटसाहेब?"

वाइसाकेला सैन्यातून बाहेर पडून जमाना झाला होता, पण बायको चिडली की तो पुन्हा सार्जंट व्हायचा. तरुणपणी शांतिसेनेतून तो लेबनॉनला गेला होता. त्यांच्या बेटावरच्या रेवा नदीकाठच्या त्या गावातून तसे बरेच जण गेले होते. येताना कुणी रेडिओ आणला, कुणी गालिचा आणला. वाइसाके एक गोष्ट घेऊन आला. तिथल्या टेकडीवरच्या गावात उम्म नबील नावाची एक म्हातारी होती, तिने त्याला घरी नेऊन मकलूबा, म्हणजे उलटा भात, खाऊ घातला होता. पातेल्याच्या तळाला तळलेली वांगी, त्यावर मांस, त्यावर तांदूळ. शिजलं की अख्खं पातेलं परातीत पालथं घालायचं आणि अलगद वर उचलायचं. भात किल्ल्याच्या बुरुजासारखा ताठ उभा, आणि त्याच्या डोक्यावर वांग्यांची टोपी!

ही गोष्ट गावाने इतक्यांदा ऐकली होती की कुत्रीसुद्धा 'उम्म' म्हटलं की उठून जायची. तरी लोक ऐकून घेत. ऐकून घेत नव्हता तो एकटा साकिउसा. साकिउसा म्हणजे तराइविनीचा थोरला भाऊ, वाइसाकेचा मेव्हणा आणि लहानपणापासूनचा जोडीदार. मेव्हण्यामेव्हण्यांनी एकमेकांची सालटी काढायची हा त्या नदीकाठचा रिवाजच, आणि साकिउसा रिवाजाला पक्का.

आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, यांगोना हे मुळांचं गुंगीचं पेय प्यायला सगळे चटईवर बसले होते. वाटी फिरत होती. वाइसाके नुकताच वांग्यांपर्यंत आला होता, तेवढ्यात साकिउसा म्हणाला, "दाजी, तू तिथं पाण्याच्या टाकीवर पहारा देत होतास. महिनोन्‌महिने टाकीकडे बघून माणसाला काहीही दिसायला लागतं. तुला भात दिसला."

सगळे खो खो हसले. एरवी वाइसाकेही हसला असता. पण त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलं. "रविवारी करून दाखवतो," तो म्हणाला. "भात उभा राहिला तर तू चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगायचं, माझा दाजी खरं बोलत होता."

"आणि पडला तर?"

"पडला तर लेबनॉनचं नाव पुन्हा माझ्या तोंडून ऐकणार नाहीस."

"देवा रे! म्हणजे आम्हांला निवांत पिता येईल?" साकिउसाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली आणि पैज पक्की झाली.

घरी जाताना वाइसाकेला पैज लावल्याचा पस्तावा झाला. कारण ती गोष्ट तो पुरी कधी सांगतच नसे. म्हातारीने बोलावलं त्याच दिवशी सकाळी त्याची आई गेल्याचा निरोप छावणीत आला होता. विमान मिळालं नाही, रजा मिळाली नाही, आईच्या मातीला एकुलता एक मुलगा नव्हता. त्या दिवसाचं त्याच्याजवळ जे काही होतं ते म्हणजे तो भात. बाकीचं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तो वांग्यांबद्दल बोलायचा. आता तेही तोंड बंद व्हायची वेळ आली होती, आणि तीही स्वतःच्या जिभेने आणलेली.

तर शनिवारी तो नौसोरीच्या बाजारात गेला. तांदूळ, वांगी, दालचिनी, जायफळ, सगळं घेतलं. मसालेवालीने पुडी बांधताना विचारलं, "बिर्याणी करताय वाटतं?"

"बिर्याणी नाही."

"मग पुलाव असेल."

"पुलावही नाही!" वाइसाके इतक्या जोरात म्हणाला की शेजारच्या केळीवाल्याने मान वर केली. भांड्यांच्या दुकानांत वणवण फिरून त्याने सरळ काठाचं, जाड बुडाचं एक पातेलंही शोधून आणलं. पोटाला फुगीर पातेलं चालत नाही, भात निघताना अडकतो. हे त्याने येताना होडीवाल्यालाही सांगितलं. होडीवाल्याने विचारलं नव्हतं.

पातेलं घरात ठेवून तो नदीवर अंघोळीला गेला. परत येतो तर पातेलं गायब.

"सालोते आली होती पलीकडच्या काठावरून," तराइविनी म्हणाली. "तिच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे उद्या. पातेलं मागितलं, दिलं."

"ते दिलंस? नवीन? सरळ काठाचं?"

"मग काय, नाही म्हणू? बहीण लागते ती माझी."

आता बोला! नात्यातलं माणूस काही मागायला आलं तर त्याला 'नाही' म्हणणारा त्या नदीकाठी अजून जन्मायचा होता. वाइसाकेला तक्रार करायचीही सोय नव्हती. त्याची स्वतःची करवत, शिडी आणि बरे जोडे असेच गेले होते, आणि त्याच्या अंगातला शर्ट असाच आला होता. मग एकाएकी त्याच्या डोक्यात उजेड पडला. मागून नेता येतं तर मागून आणताही येतं!

तो तडक महिला मंडळाच्या खोलीकडे गेला आणि लग्ना-मयताला वापरायचा टोप मागितला. त्या टोपात दोन माणसं बसून पत्ते खेळू शकली असती. शिवाय पोटाला फुगीर. मंडळाच्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. मकलूबा करायचाय."

"म्हणजे?"

"उद्या कळेल!"

टोप गडगडत घरी आला. तराइविनीने आधी टोपाकडे पाहिलं, मग बाजारातून आणलेल्या तांदळाच्या पिशवीकडे. "एवढासा तांदूळ ह्याच्यात? बुरूज होणार का भाकरी?"

"तांदूळ वाढवू."

"अहो, सोडा ना हा नाद. दादाला मी सांगते. गंमत होती, म्हणेल तो."

"तू सांगायचं नाहीस!" वाइसाके गरजला. "पातेलं गेलं तर गेलं. टोप फुगीर तर फुगीर. त्या म्हातारीच्या घरावर पत्रा धड नव्हता, तिने केला, मग मी का नाही करणार?"

आणि तो घरोघर मागत निघाला. विलिमोनीच्या मळ्यातून वांगी आणली. चर्चच्या कारभाऱ्याकडून तांदूळ आणला. कांदे एकीकडून, तेल दुसरीकडून. कोंबड्या कमी पडल्या तेव्हा तो सरळ साकिउसाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मेव्हण्या, कोंबड्या हव्यात."

"कशाला?"

"तुला हरवायला."

साकिउसाने आभाळाकडे पाहिलं. मागितल्यावर काय करणार? "हे बघ," खुराड्यात हात घालत तो कुरकुरला, "स्वतःच्या कोंबड्या देऊन स्वतःची फजिती करून घेणारा माणूस गावात मी पहिलाच." तरी दिल्या त्या जाडजूड बघून दिल्या. प्रत्येक घरी वाइसाकेला विचारलं गेलं, काय बेत आहे? प्रत्येक घरी त्याने छाती काढून सांगितलं, मकलूबा! दिवस मावळेपर्यंत सगळ्या गावाला तो शब्द पाठ झाला.

रविवारी पहाटे त्याने घरामागच्या स्वयंपाकाच्या खोपटात चूल पेटवली. तराइविनी तोंड फिरवून बसली होती, पण त्याने वांगी जाड कापली तेव्हा तिला राहवलं नाही. "सरका," ती म्हणाली. "सैन्यात सुरी धरायला कोणी शिकवलं नाही वाटतं." तिने वांगी कापली, त्याने तळली. त्याने तळाला वांग्यांच्या चकत्या लावल्या, एकीवर एक, म्हातारी लावायची तशा. वर कोंबडी, वर तांदूळ, वर मसाल्याचं पाणी. टोप निखाऱ्यांवर ठेवला, झाकणावर दगड ठेवला, तोवर चर्चचा लाकडी नगारा वाजू लागला.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्या दिवशी धीराचं महत्त्व सांगायला घेतलं आणि संपवेचनात. वाइसाके पुढच्या बाकावर. खिडकीतून वारा आला की दालचिनीचा वास यायचा, आणि सगळं चर्च एका दमात नाक वर करायचं. मागच्या बाकावरून साकिउसा कुजबुजला, "दाजी, करपतंय."

"करपत नाही!" वाइसाके मोठ्याने म्हणाला. पाद्रीबाबा थांबले. "आमेन," वाइसाकेने जोडलं, आणि सगळं चर्च आमेन म्हणून उठलं. अशा रीतीने प्रवचन संपलं.

घरी येऊन झाकण काढलं तर भात मोकळा, पिवळाधमक, बेताचा शिजलेला. वाइसाकेच्या जिवात जीव आला. आता थोडा वेळ मुरू द्यायचा आणि मग पालथा घालायचा. टोप ओसरीवर आणला, घरात चटई अंथरली, दारं सताड उघडी टाकली. साकिउसा पैजेचा मालक म्हणून मधोमध मांडी घालून बसला. तराइविनी दाराशी बसली, नेहमीच्या जागी.

दारासमोरून गावची वाट जाते. चर्चमधून लोक परत निघाले होते. आधी विलिमोनी दिसला.

"या जेवायला!" तराइविनीने हाक मारली.

त्यात विशेष काही नव्हतं. जेवणाची चटई पडली आणि वाटेवरून माणूस गेला की हाक मारायची, आणि जाणाऱ्याने 'चालू द्या, चालू द्या' म्हणत पुढे जायचं. हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. त्या हाकेला खरंच कोणी आत आल्याचं वाइसाकेला जन्मात आठवत नव्हतं.

"आलोच!" विलिमोनी म्हणाला, आणि चपला काढून आत येऊन बसला. "म्हटलं, आमची वांगी कशी उभी राहतात ते बघावं."

मग कारभारी दिसला. "या जेवायला!" "आलो, आलो! तांदूळ आमचाच ना!" तो बायकोमुलांसकट आला. कांदेवाली आली, तेलवाली आली, टोपावर लक्ष ठेवायला अख्खं महिला मंडळ आलं.

वाइसाके बायकोच्या कानाशी वाकला. "अगं, कशाला बोलावतेस एकेकाला?"

"मग काय करू? दारावरून माणूस जातंय, मी तोंड फिरवून बसू?"

"हो, फिरव!"

"माझ्या आईने असं शिकवलं नाही."

"गप्प बस नुसती. हाक मारली नाहीस तर आभाळ कोसळणार आहे का? हे बघ, मी नाही ना मार... या जेवायला, पाद्रीबाबा!"

पाद्रीबाबा वाटेवर थबकले. "तुम्ही इतक्या अगत्याने बोलावताय तर येतो बुवा," असं म्हणून ते आत आले, आणि त्यांच्यामागून गाणारा सगळा ताफा आला. चटईवर जागा उरली नाही. लोक ओसरीवर बसले, अंगणात बसले, आंब्याखाली बसले. वाइसाकेने कपाळाला हात लावला. हरायचं तर आता साऱ्या गावासमोर हरायचं होतं.

"दाजी," साकिउसा हळूच म्हणाला, "अजून वेळ आहे. सरळ वाढून टाक पळीने. मी म्हणेन, उलटवला असता तर राहिला असता उभा."

"तुझी दया घाल चुलीत! उलटवणार म्हणजे उलटवणार!"

पण उलटवणार कशात? एवढी परात गावात नव्हती. वाइसाकेने खोपटाचं दार बिजागऱ्यांतून काढलं, खसाखसा धुतलं, त्यावर केळीची पानं अंथरली. दार टोपावर पालथं ठेवलं. एका बाजूला विलिमोनी आणि कारभारी, दुसऱ्या बाजूला वाइसाके. चौथा गडी जोराचा हवा होता. गावात तेवढा जोर एकाच्याच अंगात होता.

"मी?" साकिउसा म्हणाला. "मीच मला हरवू?"

"मागतोय तुझा जोर. दे."

मागितल्यावर साकिउसा मुकाट उठला. एक, दोन, आणि सगळा टोप दारासकट गर्रकन फिरून ओसरीवर पालथा झाला. कोणी पडलं नाही, काही सांडलं नाही. वाइसाकेने टोपाच्या बुडावर हळूहळू थापट्या मारल्या, म्हातारी मारायची तशा. मग चौघांनी कड्या धरल्या आणि टोप इंच इंच वर उचलायला सुरुवात केली. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. टोपाच्या काठाखालून भाताची भिंत दिसली. भिंत उभी होती, कुठे अडकली नव्हती. टोप अजून वर गेला. वर कोंबडी दिसली. मग वांगी, सोनेरी, एकीवर एक. सबंध बुरूज उभा राहिला.

नेमक्या त्याच क्षणी वाटेवरून एक माणूस गेला. कोण होता कुणास ठाऊक, होडी गाठायला निघालेला कुणी परगावचा असावा.

"या जेवायला!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

सगळ्यांची तोंडं वाटेकडे वळली. पाद्रीबाबांचंही वळलं. आणि साकिउसाने रिवाजाप्रमाणे कडी सोडून बोलावण्यासाठी हात वर केला. टोप तिरका झाला, त्याच्या फुगीर पोटाचा धक्का बुरुजाला बसला, आणि बुरूज धपकन बसला.

"चालू द्या, चालू द्या!" तो माणूस म्हणाला आणि निघून गेला. दिवसभरात तेवढा एकच चालू द्या म्हणाला.

लोकांनी माना परत वळवल्या. दारावर भाताचा ढीग होता.

"उभा होता!" वाइसाके ओरडला. "आत्ता उभा होता! वांग्यांसकट!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारण कोणी पाहिलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाइसाकेने वाटेवरच्या माणसाला हाक मारली नव्हती, आणि त्याची ही शिक्षा!

"विलिमोनी, तू सांग! पाद्रीबाबा, तुम्ही?"

"मी त्या गृहस्थांकडे पाहत होतो," पाद्रीबाबा ओशाळून म्हणाले. ओसरीच्या कोपऱ्यात मंडळाच्या दोघी खुदखुदल्या.

"हसायचं असेल तर आपापल्या घरी जाऊन हसा!" तराइविनी कडाडली. "माझा नवरा उभा होता म्हणतो ना? मग होता उभा!" वाइसाकेने चमकून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं ती पहिल्यांदाच म्हणत होती.

पण शब्द तो शब्द. वाइसाकेने टोप खाली ठेवला, हात पुसले. "दिसतोय तो ढीगच आहे," तो म्हणाला. "हरलो मी. वाढा."

पाद्रीबाबांनी प्रार्थना आटोपती घेतली आणि भात वाढला गेला. पहिल्या घासाला सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या घासाला हात भराभर चालू लागले. मग विलिमोनीने बोटं चाटली. "काय चव आहे रे! कुठे शिकलास हे?"

वाइसाकेने पुढचा घास घेतला.

"कोणी शिकवलं म्हणे?" पाद्रीबाबांनी विचारलं. ते गावात नवीन होते, गोष्ट न ऐकलेले ते एकटेच.

वाइसाकेने ओठ घट्ट मिटले आणि मेव्हण्याकडे बोट दाखवलं. सगळ्या गावाने साकिउसाकडे पाहिलं. "अरे, सांगू दे ना त्याला!" कारभारी म्हणाला. "भात खाल्ला आम्ही, आम्हांला कळायला नको?" "स्वतःच धक्का मारला मेल्याने," कांदेवाली पुटपुटली, नीट ऐकू जाईल अशी.

बायका साकिउसाकडे अशा बघत होत्या की आता उरलेल्या कोंबड्याही मागून नेतील. "बरं बाबा, मी सांगतो," तो म्हणाला. "पैज त्याने बोलायचं नाही एवढीच आहे." आणि त्याने सुरुवात केली. गोष्ट त्याला तोंडपाठ होती. टेकडी सांगितली, जैतुनाची झाडं सांगितली, म्हातारीचा काळा झगा सांगितला. वाइसाके थक्क झाला. ज्याने कधी ऐकून घेतलं नाही त्याला शब्द न्‌ शब्द येत होता!

"मग म्हातारीने पातेलं उचललं," साकिउसा रंगात आला, "भात ताठ उभा! आमचे दाजी बसले, ताटभर जेवले, मिशीला पीळ दिला, आणि खुशीत गाणं म्हणत पहाऱ्यावर गेले."

"खोटं!" वाइसाके ताडकन उठला. "गाणं नाही म्हटलं मी! मी रडलो!"

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"रडलो मी! ढसाढसा! त्या दिवशी आई गेल्याचा निरोप आला होता, आणि तिथे त्या लेबनॉनमध्ये मला रडायला जागा नव्हती. त्या म्हातारीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती. पहिला घास घेतला आणि लहान पोरासारखा रडलो. हे खरं आहे. बाकी भात पडला काय, उभा राहिला काय!"

साकिउसाने हातातला भात परत पानावर ठेवला.

"तुझ्या आईला, आमच्या आत्याला, खांदा मी दिला होता," तो म्हणाला. "सगळे मला विचारत होते, पोरगा तिकडे एकटा काय करत असेल? मी रात्र रात्र तोच विचार करायचो. तू कधी बोलला नाहीस रे."

"आता बोललो."

"शब्द मोडलास, दाजी."

"मोडला! काय करशील?"

"काय करणार," साकिउसा म्हणाला आणि बाहीने नाक पुसलं. "खाली बस आणि पुढचं सांग."

वाइसाके बसला. तराइविनी पळी घेऊन त्याच्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता. "आणि ती म्हातारी? तिने काय केलं, तुम्ही रडायला लागल्यावर?"

"काय करणार?" वाइसाके म्हणाला. "डोक्यात टपली मारली आणि आणखी वाढला."